टॉवर मातीत उभा असतो

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला येताना आधी नजरेत भरते ती टेकडी. तिच्यावर बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि टेकडीच्या अंगावर लहानमोठे गोलसर, कठीण दगड विखुरलेले आहेत. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. ते शरण आल्यावर वाळलेल्या पानांपासून नवा माल घडवून दिला आणि ते दोघं जन्मभर बाबांच्या सेवेत राहिले, ही कथा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे. भूगर्भशास्त्र या दगडांना झिओलाइटच्या गाठी म्हणतं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत खनिजं भरली. भोवतालचा काळा खडक झिजत गेला आणि आतल्या गाठी सुट्या होऊन बाहेर पडल्या.

त्याच खडकाची झीज होऊन खालच्या वावरांतली काळी माती तयार झाली. म्हणजे एकाच गावाच्या परिसरात दोन टोकं आहेत: वर कठीण खडक, खाली कापसाची भारी जमीन. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, टॉवर घराशेजारी उभारायचा तर कुठल्या गोष्टींचा विचार करावा लागतो, हे समजून घ्यायला मला गिरडसारखी दुसरी जागा सुचत नाही. टॉवर म्हटलं की सगळे वर बघतात. तो टिकणार की नाही, हे मात्र खालच्या सहा फुटांत ठरतं. म्हणून या प्रकरणात गिरडच्या पायथ्याशी एक घर आहे आणि त्या घरातल्या माणसाला टॉवर उभारायचा आहे, असं धरून चालू.

पहिला प्रश्न उंचीचा. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण रेडिओच्या सगळ्या लहरी सारख्या वागत नाहीत.

हातात धरायच्या वॉकीटॉकीसारख्या संचावर 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईआड गेलेलं त्यांना गाठता येत नाही. त्यांचं क्षितिज काढायचं सोपं सूत्र आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 4.12 नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. 4 मीटर उंचीवरच्या अँटेनाला सुमारे 8 किलोमीटर दिसतं, 16 मीटरवरच्या अँटेनाला सुमारे साडेसोळा. उंची चौपट केली तेव्हा कुठे अंतर दुप्पट झालं. समोरच्याचाही अँटेना 16 मीटरवर असेल तर दोन्ही अंतरांची बेरीज होते, म्हणजे 33 किलोमीटर. उलट टेकडीचा माथा भोवतालापेक्षा 100 मीटर उंच असेल तर तिथे नुसता हातातला संच घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचं क्षितिज 41 किलोमीटरवर जातं. घरच्या टॉवरला हे कधीच साधणार नाही. मात्र गिरडची टेकडी श्रद्धेची जागा आहे. तिथे कायमचं काही उभारायचा विचारही करू नये. एखाद्या सकाळी रीतसर विचारून, छोटा संच घेऊन बसावं आणि आपली एकही वस्तू मागे न ठेवता उतरावं.

आता दुसऱ्या लहरी. 7 मेगाहर्ट्झच्या आसपासची, 40 मीटर तरंगलांबीची लहर वर आयनमंडलापर्यंत जाऊन परतते. तिला क्षितिजाची पर्वा नाही. तिची आडवी तार जमिनीपासून पाव तरंगलांबीच्या आत, म्हणजे साधारण 10 मीटरवर टांगली, तर बहुतेक शक्ती जवळपास सरळ वर जाते आणि छत्रीसारखी खाली उतरते. गिरडहून नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, अडीचशे किलोमीटरवरचं नांदेड, चारशेच्या घरातलं छत्रपती संभाजीनगर, हे सगळं दिवसा त्या छत्रीखाली येतं. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या मंडळींशी रोज सकाळी बोलायचं असेल तर 10 मीटर उंची पुरते. हीच तार 25 मीटरवर नेली तर खर्च कितीतरी पटींनी वाढेल, आणि जवळच्या गावांसाठी तिचा उपयोग उलट कमी होईल.

या 40 मीटरच्या पट्ट्याशी महाराष्ट्राचं एक थोर नातं आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच 1939 मध्ये इंग्रज सरकारनं हौशी रेडिओचे परवाने रद्द केले. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि उषा मेहता व त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. प्रक्षेपक बांधण्याचं काम नरिमन प्रिंटर यांच्याकडे होतं, आणि ते मूळचे हौशी रेडिओवाले. चौपाटी, वाळकेश्वर, गिरगाव, महालक्ष्मी असे पत्ते बदलत, माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्यांना चकवत हे केंद्र नोव्हेंबरच्या 12 तारखेपर्यंत, अटक होईपर्यंत चाललं. त्यांची तरंगलांबी होती 42.34 मीटर. 300 ला 42.34 नं भागलं की येतात सुमारे 7.085 मेगाहर्ट्झ. भारतात आज परवानाधारक हौशी माणूस 7 ते 7.2 मेगाहर्ट्झमध्ये बोलतो. ती जागा नेमकी त्याच पट्ट्यात पडते. त्या लहरीसाठी लागणारी अर्ध्या तरंगलांबीची तार काढायची तर 143 ला 7.085 नं भागायचं. उत्तर 20 मीटर. गिरडच्या घराला लागणारी तारही तेवढ्याच लांबीची. घरं बदलत फिरणाऱ्या त्या मंडळींना टॉवर उभारणं शक्यच नव्हतं, आणि टॉवरवाचून त्यांचा आवाज पोचला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी दोन आधारांमध्ये 20 मीटर तार टांगा, वर्षभर बोला, ऐका. आपल्याला कुणाशी बोलायचं आहे हे कळलं की मगच टॉवरचा विचार करा. उपग्रह ऐकायची ओढ असेल तर टॉवर मुळीच लागत नाही. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम किलोभर वजनाचा 'स्वयम्' 22 जून 2016 रोजी आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी 26 सप्टेंबरला इस्रोनं अवकाशात सोडला. दोन्ही उपग्रह हौशी रेडिओच्या पट्ट्यांत बोलणारे होते. असे उपग्रह डोक्यावरून जातात, त्यामुळे गच्चीवर उभं राहून हातात धरलेला छोटा यागी अँटेना त्यांच्याकडे वळवत नेला तरी काम भागतं.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसी या शाखेची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची 12 वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही तो मिळू शकतो. परवान्यासोबत व्हीयू2 किंवा व्हीयू3 नं सुरू होणारं आपलं स्वतःचं संकेतनाम मिळतं. उंच खांब उभारण्याच्या परवानगीचे नियम त्या विभागाकडून आधी समजून घ्यावेत. ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावा, आणि जवळ विमानतळ असेल तर विमानतळ प्राधिकरणाची उंचीची मर्यादा तपासावी. शेजाऱ्यांना नकाशा काढून दाखवावा. खेड्यात टॉवर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोबाइल कंपनीचा टॉवर येतो. हा त्याहून कितीतरी साधा आहे आणि बोलणाऱ्यानं बटण दाबलं तेवढाच वेळ तो काही बाहेर टाकतो, हे आधी सांगितलेलं बरं.

आता वारा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस 875 चा तिसरा भाग. त्यात शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. पुण्याचा सेकंदाला 39 मीटर, नागपूरचा 44. हा तीन सेकंदांच्या झोताचा वेग, पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येऊ शकेल असा. गिरड नागपूरच्याच टापूतलं, म्हणून 44 धरू. ताशी 158 किलोमीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: 44 चा वर्ग करून 0.6 नं गुणलं की दर चौरस मीटरला सुमारे 1160 न्यूटन येतात, म्हणजे 118 किलो वजनाचा रेटा. पुण्याच्या वेगानं हाच रेटा 93 किलो होतो. वेगात फरक फक्त पाच मीटरचा, रेट्यात पंचवीस किलोचा. आणि टेकडीच्या उतारावर किंवा माथ्यावर वारा दाटून वेग घेतो. तिथे मानकच वेग जास्तीत जास्त 1.36 पटीपर्यंत धरायला सांगतं. वेग 1.36 पट म्हणजे दाब 1.85 पट. पायथ्याच्या घराला हिशेब वेगळा, उतारावरच्या घराला वेगळा.

टॉवरच्या माथ्यावर अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाचा अँटेना बसवला असं समजा. त्याच्यावर त्या वादळात साठ-सत्तर किलोचा आडवा रेटा येईल. टॉवर 15 मीटर उंच असेल तर हाच रेटा पायथ्याशी सुमारे हजार किलोग्रॅम-मीटरचा वाकवणारा जोर देतो, आणि यात टॉवरच्या स्वतःच्या सळ्यांवरचा वारा अजून धरलेला नाही. दुकानदार सांगतो, 'साहेब, हा पाइप हाताला वाकत नाही,' त्याला या हिशेबात काही अर्थ नाही.

वाऱ्याला अडवायचंच नाही, या विचारातून महाराष्ट्रात एक जगप्रसिद्ध काम झालं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. एवढ्या तबकड्या सलग पत्र्याच्या केल्या असत्या तर त्यांना पेलायला लागणारं पोलाद परवडलंच नसतं. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस तारेची जाळी ताणलेल्या दोरखंडांवर बसवली. जाळीची भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. 21 सेंटिमीटरच्या आणि त्याहून लांब लहरींना ती जाळी सलग आरशासारखी वाटते, वारा मात्र तिच्यातून निघून जातो. घरच्या टॉवरलाही हेच लागू पडतं: जाड बंद खांबापेक्षा तीन पायांचा जाळीदार टॉवर बरा, आणि माथ्यावर शोभेचा एकही तुकडा नको.

यानंतर पाया, आणि इथे गिरडची काळी माती आपला हिसका दाखवते. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत त्याच जागी पाय रुततो. वरच्या थरात पाया बसवला तर जमीन दर वर्षी त्याला थोडा उचलते आणि थोडा सोडते. दोन-तीन पावसाळ्यांनी टॉवर कलतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणायचा, हा गवंड्यांचा अनुभव इथे शंभर टक्के खरा आहे. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगीर घेर असलेले काँक्रीटचे खांब खाली उतरवतात. ही अंडर-रीम्ड पाइल नावाची पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच रूढ केली. खड्ड्याच्या बाजूंना उपसलेली काळी माती परत भरू नये, मुरूम किंवा जाड रेती भरून धुमसावी. वरचं काँक्रीट जमिनीपासून वीतभर उंच आणि बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवावं, म्हणजे पायाशी पाणी साचत नाही. टेकडीच्या बाजूला घर असेल तर उलट अडचण: हातभर खणलं की खडक. तिथे खडकात भोकं पाडून सळ्या ग्राऊटनं बसवतात. हे काम मजबूत होतं, पण अर्थिंगला तोच खडक वैरी ठरतो. त्याकडे पुढे येऊ.

काँक्रीट ओतल्यावर निदान सात दिवस, आणि वैशाखातलं ऊन असेल तर त्याहून जास्त, पोती टाकून पाणी मारावं. पूर्ण ताकद 28 दिवसांनी येते. टॉवर त्याआधी उभा करू नये. हा महिना वाया जात नाही. तेवढ्यात लोखंडाचं काम होतं.

टॉवरचे तुकडे साधारण तीन मीटरचे करतात, म्हणजे ट्रॉलीतून आणता येतात आणि दोन माणसं उचलू शकतात. गावातला फॅब्रिकेशनवाला ते उत्तम बनवतो, फक्त दोन गोष्टी त्याला आधी सांगाव्या लागतात. एक, सगळं वेल्डिंग आणि सगळी भोकं आधी, गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनायझिंग नंतर. गॅल्व्हनाइज केलेल्या पाइपवर पुन्हा वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो, म्हणजे जोडावर, जिथे ताकद सर्वांत जास्त हवी तिथे. दोन, पायांचे पाइप पोकळ असतील तर प्रत्येकाच्या तळाशी पाणी निघायला भोक. हे भोक नसलं की पाइपातली दमट हवा गार होऊन पाणी साचतं, टॉवर बाहेरून चांदीसारखा चकाकतो आणि आतून सडतो. टॉवरवर चढण्याआधी प्रत्येक पाइपावर खालून हातोडीनं टकटक करावी. चांगला पाइप खणखणतो. गंजलेला बद्द वाजतो.

बारा मीटरच्या टॉवरला मी स्टे वायरशिवाय उभं करणार नाही. लाइनमन विजेच्या खांबाला देतात तेच स्टे, पण तीन दिशांना, एकमेकांपासून 120 अंशांवर. स्टे जमिनीत रोवून धरणारा नांगर, म्हणजे अँकर, टॉवरच्या पायापासून त्याच्या उंचीच्या निदान साठ टक्के लांब असावा, जमलं तर ऐंशी टक्के. बारा मीटरसाठी सात ते साडेनऊ मीटर. म्हणजे साधारण वीस मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. गावठाणातल्या घराला एवढी जागा नसते. तिथे टॉवरचा हट्ट सोडून नऊ मीटरचा मास्ट भिंतीला ब्रॅकेटनं धरावा, तोही घराच्या काँक्रीटच्या कॉलमला. गच्चीच्या कठड्याला कधीच नाही. विटांचा कठडा माणूस पडू नये म्हणून असतो, वारा झेलायला नसतो. विजेच्या तारांबद्दल नियम एकच पाळावा: टॉवर किंवा मास्ट मुळापासून उपटून कुठल्याही दिशेला आडवा झाला तरी त्याचं टोक, आणि त्याला लोंबणारी अँटेनाची तार, महावितरणच्या तारांपासून काही मीटर लांब राहिली पाहिजे. हे अंतर मिळत नसेल तर जागा बदला. हॅम मंडळींचे जीव घेणाऱ्या अपघातांत टॉवर किंवा अँटेना विजेच्या तारेला टेकण्याचा अपघात जगभर वरच्या क्रमांकावर आहे.

स्टेच्या टोकाचं काम जवळून बघण्यासारखं आहे. जस्त चढवलेली पिळाची तार थिंबलमधून वळवून तिचं शेपूट परत मूळ तारेवर आणतात आणि यू-बोल्टच्या क्लिपांनी आवळतात. प्रत्येक टोकाला तीन क्लिपा. यू-बोल्टचा वाकडा भाग शेपटावर यायला हवा आणि सपाट खोगीर भार घेणाऱ्या तारेवर. उलटं बसवलं तर यू-बोल्ट भार घेणारीच तार चेंगरतो, आणि ती तिथेच तुटते. पुढे ताण कमीजास्त करायचा टर्नबकल, त्याच्या मधल्या खिडकीतून ओवलेली एक साधी तार. ती नसेल तर वाऱ्याच्या थरथरीनं टर्नबकल हळूहळू उलगडतो. ताण किती द्यायचा? तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या सुमारे दहा टक्के. तो सकाळी लवकर द्यावा. पंधरा मीटरची पोलादी तार 30 अंशांच्या फरकानं पाच मिलिमीटरहून जास्त वाढते. टॉवरही वाढतो, पण तितका नाही. मेच्या दुपारी सैल वाटणारा स्टे घट्ट आवळला तर डिसेंबरच्या पहाटे तो गरजेपेक्षा जास्त ताणलेला असतो.

स्टेच्या खालच्या दोन मीटरवर पिवळ्या रंगाचा पीव्हीसी पाइप चढवावा. रात्री ती तार दिसत नाही. ट्रॅक्टर वळवताना, बैलगाडी नेताना, धावणाऱ्या पोरांना ती दिसलीच पाहिजे. जनावरं तिच्यावर अंग घासतात, म्हणून नांगराभोवती काटेरी कुंपणाचा छोटा वाडगा करावा.

विजेबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण विदर्भात दर पावसाळ्याला वीज पडून माणसं मरतात. टॉवर वीज ओढून आणतो की नाही यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. मोकळ्या जागेत उंच धातू आहे, तिच्यावर कधीतरी वीज पडणार असं धरूनच काम करावं. विजेचा प्रवाह तीस हजार अँपिअरच्या घरातला असतो आणि तो दोन-एक मायक्रोसेकंदांत चढतो. एवढ्या वेगानं चढणाऱ्या प्रवाहाला साधी सरळ तारही अडवते: दर मीटरमागे पंधरा हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त. म्हणून अर्थिंगची तार जाड असून भागत नाही, ती आखूड आणि सरळ असावी लागते, आणि गोल तारेपेक्षा तांब्याची रुंद पट्टी चांगली. काटकोनात वळवलेली पट्टी वीज सोडून देते आणि भिंतीतून वाट काढते.

टॉवरच्या तिन्ही पायांना स्वतंत्र अर्थ रॉड द्यावेत, साधारण तीन मीटर खोल, एकमेकांपासून निदान रॉडच्या लांबीइतके दूर, आणि जमिनीखालून एकमेकांना जोडलेले. ओली काळी माती वीज उत्तम वाहून नेते. तीच उन्हाळ्यात भेगाळली की रॉडभोवती हवेची पोकळी राहते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मृगाआधीची पहिली गडगडाटी सर याच काळात येते. म्हणून रॉडभोवती बेंटोनाइट भरावं. मीठ-कोळशाची जुनी पद्धत चालते, पण मीठ लोखंडाला खातं. एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला अर्थच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं. टेकडीच्या बाजूला खडकामुळे रॉड खोल जात नाही. तिथे वीतभर खोल चरातून पट्ट्या चारी दिशांना लांब पसरवाव्या लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेक घरांत चुकलेली असते. टॉवरचं अर्थ वेगळं, घराच्या वायरिंगचं अर्थ वेगळं, आणि दोघं जोडलेले नाहीत. वीज पडल्यावर टॉवरचं अर्थ काही क्षणांसाठी हजारो व्होल्टांवर जातं, घराचं खाली राहतं, आणि या दोघांच्या मध्ये असतो तुमचा रेडिओ संच, कधी तुमचा हात. दोन्ही अर्थ जमिनीखालून जाड पट्टीनं जोडले की सगळं एकत्र वर चढतं आणि एकत्र उतरतं. केबल घरात शिरते त्या जागी, भिंतीच्या बाहेर, धातूची पाटी बसवावी. सगळ्या केबलींची आवरणं तिथे अर्थ करावीत आणि वादळाआधी केबल तिथेच सोडवावी. संचापाशी येऊन सोडवलेली केबल खोलीतच ठिणगी आणते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप भोवतालच्या वीस-चाळीस किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना देतं. सूचना येताच केबल सोडवावी. गडगडाट ऐकू आल्यावर तिला हात लावू नये.

टॉवरवर चढण्याबद्दल दोनच वाक्यं. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोऱ्या, एक सोडण्याआधी दुसरी अडकवलेली. एकट्यानं कधीच नाही. त्याहून चांगलं म्हणजे पायाशी बिजागरी देऊन टॉवर हाताच्या विंचनं आडवा करता येईल असाच बांधणं, म्हणजे चढायची वेळच येत नाही.

वर्षातून दोन तपासण्या. पहिली नवतप्याच्या आधी, मेच्या मध्यावर, कारण त्यानंतर ऊन अंगावर येतं आणि मग वादळं. दुसरी दसऱ्याच्या सुमारास, जमीन फुगून परत बसू लागते तेव्हा. नांगराची सळई मातीतून बाहेर येते त्या बोटभर भागात गंज सर्वांत लवकर धरतो. माती बाजूला करून तिथेच बघावं. क्लिपांच्या नटांवर पाना फिरवावा. स्टेवर चढलेली वेल कापावी. संक्रांतीनंतर अडकलेला मांजा काढावा, नाहीतर पावसात तो केबलभोवती पिळून बसतो. कावळ्याचं घरटं विणीच्या काळात असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबावं. वानरांचा उपाय मला अजून सापडलेला नाही. तार जाड, तांबं चढवलेल्या पोलादाची आणि मधल्या इन्सुलेटरला स्वतंत्र दोरीचा आधार असेल तर त्यांची उडी ती झेलते, इतकंच.

केबलच्या जोडांवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, खालून वर, म्हणजे पाणी वरच्या पदरावरून घरंगळतं. तिच्यावर काळी विजेची टेप. पांढरे प्लास्टिकचे टाय विदर्भाच्या उन्हात वर्षभरात कडकड मोडतात, काळे टिकतात. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी टपकून जातं, भिंतीत शिरत नाही.

वादळ होऊन गेल्यावर बोलायची घाई होते, आणि तेव्हाच बोलण्याची गरजही असते. 2001 मध्ये भूजला आणि 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानात दूरध्वनी बंद पडले तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनीच निरोप पोचवले. पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या आठवड्यात योगायोगानं संच घेऊन हजर होते. तरीही संच लगेच लावू नये. आधी दुरून टॉवरभोवती एक फेरी मारावी: तो सरळ आहे का, तिन्ही स्टे सारखे ताणलेले आहेत का, विजेची तुटलेली तार कुठे टेकलेली नाही ना. मग पायाशी जाऊन काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये नवी फट पडली आहे का ते बघावं. सगळं जागेवर असेल तर केबल जोडून अगदी कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा आकडा, मोजावा आणि मेच्या तपासणीत वहीत नोंदलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. 1.3 चा 2 झाला असेल तर बहुधा जोडात पाणी शिरलं आहे. तार तुटली असेल तर काटा थेट टोकाला जातो. आकडा जुळला की वहीत तारीख लिहून ठेवावी आणि 7 मेगाहर्ट्झवर आधी ऐकावं, कुणाचा तातडीचा निरोप चालू आहे का ते.